अर्धी चिठ्ठी आपल्या हातात

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सगळे मुंबईला गेलो होतो. परत येताना सहारला चेक-इन झाल्यावर आमची मुलगी मोबाइलकडे बघत म्हणाली, "बाबा, काळजी करू नका, बॅग अजून आपल्याबरोबरच आहे." तिने प्रत्येक बॅगेच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी एक पांढरी चकती टाकली होती. ती चकती कुठे आहे हे म्हणे फोनवर दिसते. मी मात्र सवयीप्रमाणे काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पासला चिकटवलेले टॅगचे तुकडे मोजले. बॅगा चार, तुकडे चार. प्रत्येकावरचे गाव वाचले, मग ते नीट पाकिटात ठेवले. मुलगी हसली. म्हणाली, "अजून हे कागद जपता तुम्ही?"

तिला तिथल्या तिथे एका वाक्यात उत्तर देता येईना. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह दरवर्षी होतोच. तेव्हा म्हटले, या वेळी त्या कागदाच्या तुकड्याचीच गोष्ट सांगावी. आपल्यापैकी बहुतेकजण तो तुकडा घरी पोचल्यावर, आणि काहीजण तर विमानतळावरच, कचऱ्याच्या डब्यात टाकतात. त्याला शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातली काही पाने आपल्या बहारीनमधली आहेत, आणि एक पान फार दुःखाचे आहे.

पहिली संक्रांत

मी बहारीनला आलो १९८१ साली. नोव्हेंबर १९८४ मध्ये तुळशीची लग्ने लागली आणि पाठोपाठ आमचेही लागले. जानेवारी १९८५ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे मुंबईहून निघालो. थेट विमानाचे तिकीट मिळाले नव्हते, त्यामुळे आखातातल्याच दुसऱ्या एका विमानतळावर विमान बदलायचे होते. सौ.चा तो पहिलाच विमानप्रवास.

मुहर्रकच्या विमानतळावर उतरलो. सामानाचा बेल्ट फिरू लागला. दोरीने बांधलेले खोके आले, हापूसचा मोसम नसल्यामुळे पेट्या नव्हत्या, पण लोणच्याच्या बरण्यांचे डबे आले. माझी बॅग आली. हिची सुटकेस काही येईना. माणसे पांगली, बेल्ट थांबला, तरी ही तिथेच उभी. "अहो, अजून येईल ना?" एवढेच दोनदा विचारले.

सामान हरवल्याची नोंद घेणाऱ्या खिडकीवर गेलो. बॅगेचा रंग, आकार, कुलूप कसले, सगळे विचारून झाल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने विचारले, "आत काय काय होते?"

"साड्या, पोळपाट-लाटणे, मसाले आणि दागिने," ही म्हणाली.

त्याचे पेन थांबले. "दागिने? चेक-इन बॅगेत?"

"साखरेचे," ही म्हणाली.

लग्नानंतरची पहिली संक्रांत. सासूबाईंनी शेगडीच्या मंद आचेवर रात्री-रात्री बसून हलवा केला होता. थेंब-थेंब पाक घालत काटा फुलवलेला. त्याचे हार, बाजूबंद, बांगड्या, कानातले असा सगळा साज ओवून डब्यात कापूस घालून दिला होता. बरोबर काळी चंद्रकळा. मी हे सारे इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्या भल्या माणसाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि फॉर्मवर लिहिले, 'मिठाई'.

मग त्याने नियम सांगितला. बॅग सापडली नाही तर किलोला वीस अमेरिकी डॉलर मिळतील. आमची सुटकेस अठरा किलोची. म्हणजे तीनशे साठ डॉलर, आपले साधारण एकशे पस्तीस दिनार. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण टॅक्सीत बसल्यावर ही हळूच म्हणाली, "आईच्या हलव्याला किलोचा भाव लावला हो त्यांनी." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तो किलोचा भाव कुठून आला, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पत्र्याची ट्रंक ते कागदाची चिठ्ठी

आपल्या आधीची पिढी इथे विमानाने आलेली नव्हती. ती बोटीने आली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत असे करत आखातात शिरत आणि बहारीन, कुवेत करत बसऱ्यापर्यंत जात. त्यातली 'दारा' एप्रिल १९६१ मध्ये दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली. 'द्वारका' मात्र १९८२ पर्यंत या मार्गावर फिरत राहिली. जुन्या मंडळींपैकी काहींनी त्या बोटीच्या डेकवर रात्री काढल्या आहेत.

बोटीवर सामानाचा हिशेब सोपा होता. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने मालकाचे नाव, मु. पो., तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, असा अख्खा पत्ता रंगवलेला. डेकचा प्रवासी आपल्या ट्रंकेवर डोके ठेवूनच झोपे. बहारीनला बोट दूर खोल पाण्यात नांगर टाकी, तिथून पडावातून किनाऱ्यावर येताना माणूस आणि ट्रंक एकाच पडावात. सामान आणि मालक यांची ताटातूट होतच नसे, म्हणून पावतीची गरजही फारशी नव्हती.

ही ताटातूट सुरू केली ती रेल्वेने. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे जाळे वाढले आणि प्रवाशाची पेटी वेगळ्या डब्यातून जाऊ लागली. तेव्हा पितळी बिल्ल्यांची जोडी वापरीत. दोन्ही बिल्ल्यांवर एकच आकडा. एक पट्ट्याने पेटीला बांधायचा, दुसरा प्रवाशाच्या हातात. उतरल्यावर आकडा जुळला की पेटी मिळाली. पुढे ५ जून १८८२ रोजी कॅनडातल्या मॉन्क्टन गावच्या जॉन मायकेल लायन्स यांनी फाडून वेगळे करता येणाऱ्या चिठ्ठीचे पेटंट घेतले. एकाच चिठ्ठीचे दोन भाग, दोन्हींवर तोच नंबर. एक भाग सामानाला, एक माणसाला. आज आपल्या बोर्डिंग पासवर चिकटवतात तो तुकडा त्या चिठ्ठीचाच वंशज.

१९३२ : तेल आणि विमान

बहारीनच्या इतिहासात १९३२ हे साल तेलामुळे सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे नियमित विमानसेवाही आली. लंडन ते कराची जाणाऱ्या इंपीरियल एअरवेजच्या विमानांचा मार्ग तोवर इराणच्या किनाऱ्याने होता. तो अरबस्तानच्या बाजूला आणला गेला आणि बहारीन त्यावरचा एक मुक्काम झाला. मुहर्रकला उतरलेले ते विमान हँडली पेज कंपनीचे, चार इंजिनांचे, दोन-दोन पंखांचे 'हॅनिबल'. प्रवासी जेमतेम दोन डझन आणि वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास.

गंमत बघा, याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, इंपीरियल एअरवेजने कराचीला आणलेले टपाल घेऊन जे.आर.डी. टाटा आपले छोटे पस मॉथ विमान चालवत अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. त्यांच्याजवळ होते पंचवीस किलो टपाल. मुंबई आणि बहारीन हवाईमार्गाच्या एकाच साखळीत ओवले गेले ते असे, एकाच महिन्यात.

त्या विमानांत वजनाला फार महत्त्व. सामानाबरोबर खुद्द प्रवाशालाही काट्यावर उभे करीत. सामान थोडे, प्रवासी थोडे, हरवणार तरी काय? तरीही कायदा तयार झाला होता. १२ ऑक्टोबर १९२९ रोजी पोलंडच्या राजधानीत झालेल्या वॉर्सा कराराने आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या सामानाचे नियम ठरवले. सामानाची चिठ्ठी दोन प्रतींत करायची, एक प्रवाशाला द्यायची, एक कंपनीने ठेवायची. तिच्यावर नगांची संख्या आणि वजन लिहायचे. जो कोणी चिठ्ठी आणून दाखवील त्याला सामान द्यायचे. आणि सामान हरवले तर भरपाई वजनावर, किलोला २५० सुवर्ण फ्रँक. भारतात हा करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला. त्या फ्रँकचे पुढे डॉलरमध्ये रूपांतर होत होत तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले ते वीस डॉलर झाले. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या हलव्याचा भाव १९२९ साली वॉर्सात ठरला होता!

या करारातली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्याशीच गाठ आहे. सामान जोडलेले होते ते चिठ्ठीशी. चिठ्ठीचा मालक त्याच विमानात बसला आहे की नाही, याच्याशी करारातल्या या नियमांना काही कर्तव्य नव्हते. सगळा विचार मालमत्तेचा होता.

सुटकेस लंडनला जाऊन आली

आमची सुटकेस बाराव्या दिवशी मिळाली. संक्रांत होऊन गेली होती. हिने लग्नातली साडी नेसून घरीच देवापुढे तिळगूळ ठेवला होता. बाराव्या दिवशी निरोप आला, या आणि ओळखून घेऊन जा.

सुटकेस लंडनला गेली होती. का गेली, तर माझ्यामुळे. १९८३ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी लंडनला जाऊन आलो होतो, ती ह्याच सुटकेससह. तेव्हाचा टॅग मी हँडलवरून काढलाच नव्हता. विसरलो होतो असेही नाही. त्या काळी परदेशाचा टॅग बॅगेला लटकत ठेवणे ही मोठी ऐट होती. पार्ल्याच्या स्टेशनवर चार माणसे वळून बघत. त्या वेळी टॅगवर तीन मोठी अक्षरे आणि एक नंबर, एवढाच मजकूर असे आणि सामान निवडणारा माणूस ती अक्षरे डोळ्यांनी वाचून बॅग गाडीवर टाकी. विमान बदलण्याच्या ठिकाणी कुणाच्या तरी नजरेला बहारीनच्या आधी लंडन दिसले.

सापडली ती दोन गोष्टींमुळे. एक, टॅगचा उरलेला तुकडा माझ्या पाकिटात होता, त्याच्या नंबरावरून टेलेक्स गेले. दोन, सासऱ्यांनी झाकणाच्या आत एका वहीच्या कागदावर आमचा बहारीनचा पत्ता लिहून चिकटवला होता. मला तेव्हा ते जुन्या वळणाचे वाटले होते. बोटीच्या काळातला ट्रंकेवरचा पत्ता शेवटी उपयोगी पडला.

हाराचे दोन पदर तुटले होते, बाकी साज शाबूत. रथसप्तमीच्या आत गुदैबियाच्या आमच्या दोन खोल्यांत हळदीकुंकू झाले. चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून ही बसली. त्या दिवशी घरी आलेल्या आठ-दहा जणींपैकी काही आजही मंडळाच्या कार्यक्रमात भेटतात आणि 'लंडन रिटर्न दागिने' म्हणून चिडवतात. ही म्हणते, "माझी सुटकेस लंडन बघून आली, मी अजून बघायची आहे."

हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे हसत सांगत आलो. पण त्याच वर्षाच्या जूनमध्ये जे घडले, त्यानंतर या गोष्टीचा एक भाग आठवला की मला हसू येत नाही. आमची सुटकेस मालकाशिवाय विमानात चढली, लंडनला गेली, पडून राहिली, परत आली. त्या साऱ्या प्रवासात एकदाही कुणी विचारले नाही की हिचा मालक या विमानात आहे का?

कनिष्क

२२ जून १९८५. कॅनडातले व्हँकुव्हर विमानतळ. 'एम. सिंग' या नावाचे तिकीट घेऊन एक माणूस काउंटरवर आला. टोराँटोपर्यंतची जागा पक्की, पुढे एअर इंडियाच्या विमानाची प्रतीक्षा यादीत. अशा वेळी बॅग टोराँटोपर्यंतच घ्यायची असते. पण त्याने हुज्जत घातली, मागे रांग वाढत होती, आणि शेवटी बॅगेवर पुढच्या विमानाचा टॅग लागला. बॅग गेली. माणूस मात्र विमानात चढलाच नाही. टोराँटोला ती बॅग एअर इंडियाच्या विमानात गेली. तिथले क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बिघडले होते.

मॉन्ट्रिअलहून लंडन, दिल्ली, मुंबई असा त्या विमानाचा मार्ग होता. २३ जूनच्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर 'सम्राट कनिष्क' फुटले. ३२९ माणसे गेली. शाळांना सुट्टी लागलेली, आजी-आजोबांना भेटायला निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे त्यात होती. आपण दरवर्षी निघतो तशीच. त्याआधी तासाभराच्या आत, व्हँकुव्हरहूनच अशाच तऱ्हेने पाठवलेल्या दुसऱ्या बॅगेचा स्फोट टोकियोच्या नारिता विमानतळावर झाला. ती बॅगही एअर इंडियाच्याच एका विमानात जायची होती. सामान हलवणारे दोन जपानी कामगार ठार झाले.

बहारीनच्या लोकांना या प्रकाराची धग आधीच लागली होती. २३ सप्टेंबर १९८३ रोजी कराचीहून अबूधाबीला येणारे गल्फ एअरचे विमान सामानाच्या कप्प्यात झालेल्या स्फोटाने कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गल्फ एअर म्हणजे १९५० साली इथे बहारीनमध्येच जन्मलेली कंपनी.

कनिष्कची चौकशी भारतात न्यायमूर्ती किरपाल यांनी केली, कॅनडात कितीतरी उशिरा न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने, त्याचा अहवाल आला २०१० मध्ये. पण मुख्य धडा लगेच उमगला होता. १९८५ च्या अखेरीलाच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या सुरक्षानियमांत बदल केला. जो प्रवासी विमानात चढला नाही, त्याचे सामान वेगळी सुरक्षा तपासणी केल्याशिवाय न्यायचे नाही. नियम कागदावर आला तरी अंगवळणी पडायला वेळ लागला. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान कोसळले, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २७० जण गेले. तिथेही बॉम्ब होता मालकाशिवाय आलेल्या एका बॅगेत.

भारतात या नियमाचे जे रूप आपण पाहिले ते अनेकांना आठवत असेल. बोर्डिंग पास घेऊन बसमधून विमानापाशी जायचे, तर शिडीच्या जवळ उन्हात बॅगा ओळीने मांडलेल्या. प्रत्येकाने आपली बॅग बोटाने दाखवायची, मग हमाल ती विमानात टाकणार. ज्या बॅगेला कुणी हात लावला नाही, ती जमिनीवरच राहणार. आपण तेव्हा घाम पुसत कुरकुर करायचो. आजही एखादा प्रवासी गेटवर पोचला नाही की त्याची बॅग शोधून उतरवेपर्यंत विमान थांबते आणि आपण घड्याळ बघतो. हा अर्धा तास कुणाच्या किमतीवर आपल्याला मिळाला, हे त्या वेळी आठवावे, एवढेच म्हणतो.

१९८५ च्या आधी सामान चिठ्ठीशी जोडलेले होते. १९८५ नंतर ते माणसाशी जोडले गेले.

दहा आकड्यांची गोष्ट

पण हजारो प्रवाशांच्या बॅगा रोज बोटाने दाखवून कसे चालणार? तिथे बारकोड कामाला आला. १९९० च्या दशकात हाताने लिहिलेल्या आणि आधीच छापून ठेवलेल्या टॅगची जागा लांब चिकट पट्टीने घेतली. पुढच्या प्रवासाच्या वेळी तिच्यावरचे आकडे जरूर बघा. एकूण दहा असतात. पहिला आकडा टॅगच्या प्रकाराचा, पुढचे तीन विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या बॅगेचा अनुक्रमांक. गल्फ एअरचे तीन आकडे ०७२, एअर इंडियाचे ०९८. विमान क्षेत्रातली मंडळी या दहा आकड्यांना बॅगेची 'नंबर प्लेट' म्हणतात आणि ते नाव अगदी योग्य आहे. गाडीच्या नंबर प्लेटवर मालकाचे नाव नसते, पण नंबरावरून मालक सापडतो. तसेच हे.

काउंटरवर टॅग छापला जातो त्याच क्षणी आपले नाव, विमान, पुढचे विमान हे सगळे त्या नंबरासह संगणकावरून सामान निवडणाऱ्या यंत्रणेकडे जाते. बेल्टवर कमानीसारखे वाचक बसवलेले असतात, ते नंबर वाचतात आणि बॅग योग्य फाट्यावर वळते. विमानात चढवताना कामगार हातातल्या यंत्राने टॅग वाचतो. त्या नंबराचा प्रवासी चढलेला नसेल, तर यंत्र तिथेच अडवते. सहारला उन्हात जे बोट दाखवून व्हायचे, ते आता असे होते.

तीन अक्षरे मात्र अजून आहेतच. बहारीनचे बी-ए-एच. मुंबईचे अजून बी-ओ-एम. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, बॅगेच्या टॅगवर मात्र बॉम्बे टिकून आहे! या अक्षरांनी फसगतही होते. डी-यू-बी म्हणजे दुबई नव्हे, आयर्लंडचे डब्लिन. दुबई म्हणजे डी-एक्स-बी. म्हणून काउंटर सोडण्यापूर्वी ती तीन अक्षरे वाचायची माझी सवय मुलीला कितीही जुनाट वाटली तरी मी सोडणार नाही.

हरवलेल्या बॅगा शोधण्याची पद्धतही सुधारली. आमच्या वेळी टेलेक्स होते. पुढे जगभरच्या कंपन्यांची माहिती एकत्र ठेवणारी 'वर्ल्ड ट्रेसर' नावाची यंत्रणा आली. एका विमानतळावर सापडलेल्या बेवारस बॅगेचे वर्णन दुसऱ्या विमानतळावर नोंदवलेल्या तक्रारीशी संगणक जुळवून पाहतो. बॅगेचे आकार आणि रंग यांचे तक्ते ठरलेले असतात, म्हणूनच खिडकीवरचा माणूस चित्रांचा पुठ्ठा समोर धरून 'यातली कुठली?' असे विचारतो.

किलोचा भावही गेला. १९९९ चा मॉन्ट्रिअल करार नोव्हेंबर २००३ मध्ये अमलात आला, भारतात तो २००९ पासून लागू झाला. त्यात वजनाचा हिशेब सोडून माणशी मर्यादा धरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात ती सुरुवातीला १,००० होती, वाढत वाढत २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली. म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर. ही वरची मर्यादा आहे, सरसकट मिळणारी रक्कम नव्हे.

एवढे सगळे झाले तरी बॅगा चुकतातच. विमानतळांच्या संगणकयंत्रणा सांभाळणारी सिटा ही संस्था दरवर्षी आकडे देते. २००७ मध्ये हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगा उशिरा पोचल्या, मोडल्या किंवा हरवल्या होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ वर आले. सगळ्यांत मोठे कारण अजूनही तेच, विमान बदलताना होणारी गडबड. जून २०१८ पासून विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावाने बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायला सांगितली आहे. प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्याकडे सोपवताना आणि शेवटी प्रवाशाला परत देताना. मुलीच्या बॅगेतल्या चकत्या बाजारात आल्या २०२१ मध्ये. पुढच्याच वर्षी, कोविडनंतर प्रवासी एकदम वाढले आणि विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले, तेव्हा लोकांना त्यांचे महत्त्व पटले.

चकती आणि चिठ्ठी

ही चकती उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ती फक्त बॅग कुठे आहे ते सांगते. ती बॅग तुमची आहे, तुम्ही ती कंपनीच्या ताब्यात दिली होती, हे सांगते ती चिठ्ठी. म्हणून चाळीस वर्षांच्या येण्याजाण्यातून शिकलेल्या चार गोष्टी, विशेषतः नव्याने इथे आलेल्या जोडप्यांसाठी सांगतो.

निघण्यापूर्वी जुने टॅग आणि बारकोडचे छोटे चिकटलेले तुकडेसुद्धा काढून टाका. माझ्यासारखी ऐट करू नका. बॅगेच्या आत, सगळ्यांत वर, नाव आणि दोन्हीकडचे फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. बाहेरचा टॅग तुटू शकतो, आतला कागद राहतो. बॅग बंद करण्यापूर्वी आतल्या सामानाचा आणि बाहेरून बॅगेचा फोटो घ्या. टॅगचा तुकडा बॅग घरी येऊन उघडून होईपर्यंत टाकू नका. आणि बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी नोंद करा, नोंदीचा क्रमांक घ्या. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्या सामानाची ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. बॅग पोचायला हवी होती त्या दिवसापासून एकवीस दिवसांत आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. ओळखीच्या किंवा अनोळखी माणसाने 'एवढी एक पिशवी न्या' म्हटले, तर त्यातली प्रत्येक वस्तू स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नका. आपल्या नावाच्या टॅगखाली जे जाते, त्याचे उत्तर आपणच देणे लागतो.

जानेवारीत आम्ही बहारीनला उतरलो. २०२१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमध्ये मुलीने फोनवर बघून आधीच सांगितले, चारही आल्यात. बेल्टवर खरोखरच चारही आल्या. मी तुकडे काढून एकेक नंबर ताडून पाहिला, ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

नातवाचे बोरन्हाण होते. त्याच्यासाठी हलव्याचे छोटे छोटे दागिने मुंबईहून आणले होते. मुकुट, बासरी, कंबरपट्टा. ते मात्र चारपैकी एकाही बॅगेत नव्हते. सबंध प्रवासभर सौ.ने तो डबा मांडीवर धरला होता.

ती १९८५ ची टॅगची अर्धी चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे. शाई उडत चालली आहे, नंबर मात्र वाचता येतो. या वेळी घरी आल्यावर मी ती मुलीला दाखवली आणि वर लिहिले ते सगळे सांगितले. कनिष्कबद्दल तिने ऐकले होते, पण त्याचा आणि टॅगचा संबंध तिला ठाऊक नव्हता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पर्समधून आपल्या बोर्डिंग पासवरचा तुकडा काढून तिने माझ्या हातात दिला.